लिहून देणार, लिहून घेणार

आज भाऊबीज. संध्याकाळी घरोघरी पाट मांडले जातील, पाटाभोवती रांगोळी ओढली जाईल, बहीण आधी चंद्राला ओवाळेल आणि मग भावाला. ताटात पाकीट पडेल. हल्ली पाकिटाऐवजी फोनवरच पैसे येतात, तेही चालतं. सासरहून आलेल्या बहिणी दोन दिवस राहतील आणि फराळाचे डबे घेऊन परततील. वर्षभरात सगळी भावंडं एका छपराखाली येतात ती बहुधा एवढीच, त्यामुळे 'सगळे असताना उरकून टाकू' म्हणून राखून ठेवलेल्या कामांचाही हाच मुहूर्त असतो. त्यातल्या एका कामाविषयी फराळाच्या ताटावर कुणी मोठ्याने बोलत नाही. रात्री आवराआवर झाल्यावर आई लेकीला आत बोलावते आणि हळूच म्हणते, "सोमवारी ऑफिस उघडलं की जरा तालुक्याला जाऊन येऊ. आधार कार्ड आणलंयस ना?"

त्या कामाला हक्कसोड म्हणतात. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आसपास बसलेल्या कुठल्याही दस्तलेखकाकडे त्याचा मजकूर तयार असतो. नावं, गट नंबर आणि चतुःसीमा तेवढ्या बदलायच्या. वडिलार्जित मिळकतीतला हक्क भावासाठी सोडायचा तर मुद्रांकही नाममात्र लागतो. दस्ताच्या माथ्यावर दोन पक्ष असतात. 'लिहून घेणार' म्हणजे भाऊ आणि 'लिहून देणार' म्हणजे बहिणी. खाली लिहिलेलं असतं की हा हक्क आम्ही राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला सोडत आहोत. आणि मोबदल्याच्या जागी? नैसर्गिक प्रेम व आपुलकी. एक बक्षीसपत्र सोडलं तर सरकारी दस्तांत प्रेम हा शब्द सहसा सापडत नाही. खरेदीखतात नसतो, गहाणखतात नसतो. भावाभावांच्या वाटणीपत्रात तर शोधूनही मिळायचा नाही.

मग फोटो निघतो, अंगठा टेकवला जातो. "वाचलंय ना? मान्य आहे ना?" या प्रश्नावर माना हलतात. दस्त तलाठ्याकडे जातो, फेरफार पडतो, नोटिशीचे पंधरा दिवस सरतात, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावरून बहिणींची नावं उतरतात. परतीच्या वाटेवर सगळे मिळून मिसळ खातात आणि साडीच्या दुकानात थांबतात.

यात बेकायदा काहीही नाही, आणि अग्रलेख लिहायला बसलेल्याची अडचण नेमकी तीच आहे. खोट्या सह्या, मेलेल्या माणसाचा अंगठा, परस्पर वारसनोंद अशी प्रकरणं असतातच; पण त्यांच्यावर लिहिणं सोपं असतं, तिथे आरोपी सापडतो. इथे कुणी आरोपी नाही. भाऊ चांगला आहे. बहिणीला दवाखान्यात नेणारा, भाच्याच्या बारशाला अंगठी करणारा, रात्री दोनला फोन आला तरी गाडी काढून निघणारा आहे. बहिणीचीही त्याच्यावर खरीच माया आहे. त्या मायेवर सरकारी शिक्का उठतो आणि तीन-चार एकरांतला एक माणूस कमी होतो, एवढंच घडतं.

हा हक्क बहिणीच्या पदरात सहजी पडलेला नाही. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. त्या बिलाला जो विरोध झाला त्यात मुलीच्या वाट्याचा राग मोठा होता. पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वारस ठरली खरी, पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतः आणि मुलीचा बापाच्या मृत्यूनंतर, तोही बापाच्या हिश्शापुरता. एक मुलगा, एक मुलगी असलेलं घर घ्या आणि आईचा हिस्सा हिशेबापुरता बाजूला ठेवा. अर्धी जमीन मुलाची आधीपासूनच. उरलेली अर्धी बापाची, तिचे दोन भाग. म्हणजे मुलाकडे बारा आणे, मुलीकडे चार. राहत्या घराची वाटणी तर तिला मागताच येत नव्हती. भावांनी वाटून घ्यायचं ठरवलं तरच तिचा भाग निघायचा. ही अट २००५ पर्यंत कायद्यात होती.

महाराष्ट्राने यात केंद्राच्या आधी पाऊल टाकलं. १९९४ साली राज्याचं पहिलं महिला धोरण आलं आणि त्याच वर्षी २२ जूनपासून मुलीलाही जन्मतः समान हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली. मात्र एका अटीवर: त्या तारखेआधी लग्न झालेलं नसावं. त्या वर्षीच्या लग्नसराईचा विचार करा. थोरलीचं लग्न मे महिन्यात झालं, धाकटीचं दिवाळीनंतर. दोघी एकाच आईच्या पोटच्या, एकाच अंगणात खेळलेल्या. एक वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या बरोबरीची, दुसरी नाही. मांडव कोणत्या महिन्यात पडला यावर मुलीचा वाटा ठरावा, हे फक्त मुलीच्याच बाबतीत सुचू शकतं. अखेर ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ती अट मोडीत काढली. तरी त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते, यावर आणखी पंधरा वर्षं खटले चालले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तोही प्रश्न मिटवला. मुलीचा हक्क जन्माचा आहे. वडील त्या दिवशी असोत वा नसोत.

कायद्याचं असं आहे. सातबाऱ्याची तऱ्हा वेगळी. कितीतरी जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं दिसतात: एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांत सगळं घर मावायचं आणि बहिणी कुठे आहेत हे विचारायची गरज पडायची नाही. बहिणींची नावं लागलीच तर ती 'इतर हक्क' नावाच्या रकान्यात. सोसायटीचा बोजा, विहिरीच्या पाण्याची पाळी यांच्या शेजारी. जमिनीवरचं एक ओझं म्हणून बहिणीची नोंद! ती करणाऱ्या तलाठ्याच्या मनात काव्य नसणार, पण गावाचं मन त्याने अचूक टिपलं होतं.

आता बोली ऐका. "तुला काय कमी आहे गं?" "तुझ्या लग्नात दोन एकर गेले, ते कुणी मोजलेत?" "दाजी शिकवतात वाटतं." बहीण गप्प राहिली तर ती शहाणी, तिने नुसतं विचारलं तरी विचारणारी ती नसतेच, तिच्या तोंडून नवरा बोलत असतो. उलट भावाने आग्रह धरला तर तोही त्याचा नसतो, भावजयीचा असतो. माहेरच्या गोष्टीतली ही सोय फार जुनी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्या खजिन्यात भाऊराया कायम चंद्रासारखा आणि भावजय कायम काटेरी. बाईला भावावर रागवता येत नव्हतं, म्हणून तिने तो राग भावजयीच्या नावावर मांडून ठेवला, असंच ते वाचताना वाटत राहतं. आणि शेवटचा, ज्याच्यापुढे बहिणी हात टेकतात तो प्रश्न: "तुला जमीन हवी की माहेर?"

भावाला कुणी असं विचारत नाही. दोन भाऊ बांधावरून कोर्टात जातात, एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, तरी 'त्याने घर सोडलं' असं कुणी म्हणत नाही. जमीन घेऊनही त्याचं घर त्याचंच राहतं. माहेर मात्र दरवर्षी नव्याने मिळवावं लागतं. ते टिकवण्याचा एकरकमी हप्ता म्हणजे ती सही.

यावर एक उत्तर हमखास येतं आणि ते वरवर बिनतोड दिसतं. "माझ्या बायकोनेही तिच्या माहेरी सोडलंच की! आम्ही तिकडे मागितलं नाही, हिने इकडे मागू नये. फिटंफाट." जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू. दोन घरं, प्रत्येकी चार एकर, प्रत्येक घरात एक भाऊ आणि एक बहीण. या घरची मुलगी त्या घरी दिलेली, त्या घरची या घरी आणलेली. जुन्या साट्यालोट्याच्या लग्नासारखं. दोघींनीही आपापल्या माहेरी सही केली. आता दोन्ही घरांकडे चार-चार एकर आहेत. घरांचा हिशेब खरोखरच फिटला. माणसं मोजायला गेलं की दोन पुरुषांच्या नावावर चार-चार एकर आणि दोन बायांच्या नावावर काही नाही. ज्या भावजयीला आपण ओव्यांत काटेरी ठरवलं ती सुद्धा कुठल्या तरी कचेरीत 'लिहून देणार' म्हणून अंगठा देऊन आलेली असते. नणंदेने सोडलेली जमीन तिच्या नवऱ्याच्या नावावर चढते, तिच्या नव्हे.

संसार सुरळीत चालला तर हे कधी कळतही नाही. नवरा गेला, नवऱ्याने टाकलं किंवा तोच कर्जाखाली मेला की पहिला प्रश्न कागदाचा येतो. विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या कितीतरी बायांना तो पडला. जमीन सासऱ्याच्या नावावर, वाटणी झालेली नाही, सासरी 'आता तुझं इथे काय' आणि माहेरी सही करून झालेली. खुरपणी तिने केली, कापूस तिने वेचला, बियाणं तिने जपून ठेवलं. पण पीककर्ज, पीकविमा, अनुदान सगळं उताऱ्यावरच्या नावाला मिळतं. उतारा नाही म्हणून ती शेतकरी नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायका सुमारे १४ टक्के होत्या. शेतात राबणाऱ्यांची गणती कुणी बांधावर उभं राहून केली तर हा आकडा वाचून हसू येईल.

भावाची बाजू नाही असं नाही, आणि ती मांडली नाही तर हा लेख लबाड ठरेल. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा त्याच गणनेनुसार १.३४ हेक्टर आहे, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. तीही बहुतेक कोरडवाहू. आईवडिलांची आजारपणं त्याने काढली, बापाच्या ऑपरेशनसाठी सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, गावात कुणी मुलगी देत नाही म्हणून पस्तिशीला आला तरी लग्न नाही. शहरात फ्लॅट असलेल्या बहिणीने अशा वेळी अर्ध्या वाट्याची गोष्ट काढली तर त्याला ती क्रूर वाटते. वाटा मागणाऱ्या बहिणीने बापाच्या कर्जाचा आणि आईच्या औषधांचाही वाटा उचलावा, हे म्हणणं रास्त आहे; मुलगा-मुलगी समान म्हटल्यावर म्हातारपणही दोघांत वाटून घ्यावं लागेल. पण तेवढं मान्य केल्यावर त्याचे उरलेले युक्तिवाद तपासायला हवेत. 'जमिनीचे तुकडे होतील' हा त्यांतला आवडता. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. तीन भावांनी सहा एकर वाटून घेताना त्याची आठवण कुणाला होत नाही. चौथी बहीण आली की सगळ्यांना एकाएकी शेतीचं अर्थशास्त्र आठवतं. 'जमीन परक्या घरी जाईल' हा दुसरा. तिला हिस्सा विकायचा असेल तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा, अशी तरतूद १९५६ च्या कायद्यातच आहे. आणि महामार्गासाठी किंवा औद्योगिक वसाहतीसाठी जमीन जाते, मोबदल्याचा कोटींचा आकडा गावात फिरू लागतो, तेव्हा तुकड्यांचा प्रश्नच उरत नाही, कारण पैशाचे तुकडे हवे तेवढे होतात. तरी सहीची घाई सर्वांत जास्त तेव्हाच असते.

हिंदूंपुरतीच ही गोष्ट नाही. मुसलमान घरांत मुलीचा वाटा धर्माने सांगितलेला, मुलाच्या निम्मा. तोही बऱ्याचदा भावासाठी सोडला जातो. गोव्यात पोर्तुगीज काळापासून मुलगा-मुलगी समान वारस आहेत, नवरा-बायकोची मालमत्ताही सामाईक धरली जाते. आपल्यापेक्षा शे-सव्वाशे वर्षं पुढचा कायदा. पण हक्क सोडून देण्याचा दस्त तिथल्या नोटरीलाही नवा नाही.

या राज्यात एकदा वेगळं घडलं होतं, ते आज आठवावं. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं; बैलगाड्या, ट्रॅक्टर, एसट्यांतून बाया लोटल्या. त्याच विचारातून पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करावा, उपकार म्हणून नव्हे तर देणं फेडायचं म्हणून. शेतमालाला भाव मिळत नाही म्हणून सरकारशी भांडणाऱ्याने घरातल्या बिनमोल श्रमाचा हिशेब आधी द्यावा, असा तो साधा तर्क होता. गावंच्या गावं पुढे आली. सरकारनेही नंतर ते उचललं. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. ते पुण्यकर्मच. तरी एक शंका छळत राहते. बायकोच्या नावे केलेली जमीन घरातच राहते. बहिणीची राहत नाही. नवऱ्याला जे जमलं ते भावाला जड का जातं, याचं उत्तर त्या अंतरात आहे. बायकोला देण्यात औदार्य दिसतं. बहिणीला देण्यात औदार्य नाहीच, कारण ते आपलं नव्हतंच.

इथे ओवाळणीकडे परत यावं लागतं. ओवाळणी वाईट नाही. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने याच सणाच्या नावाने भाऊबीज निधी गोळा केला आणि कधी न पाहिलेल्या बहिणींच्या शिक्षणासाठी दारोदारचे भाऊ पैसे देत आले. परवाच्या पिढीतल्या किती मास्तरणी, परिचारिका त्या ओवाळणीवर उभ्या राहिल्या! पण ओवाळणीत किती घालायचं हे घालणारा ठरवतो, आणि हिश्शात ते कुणीच ठरवत नाही. २०२४ च्या जुलैपासून राज्य सरकार 'लाडकी बहीण' म्हणून दरमहा दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात टाकतं. त्या पैशातून गॅस येतो, पोरांच्या वह्या येतात, मुख्य म्हणजे नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. त्याची टिंगल करणाऱ्यांनी कधी पंधराशे रुपयांत महिन्याची टोकं जुळवलेली नसतात. मात्र योजनेला नाव देणाऱ्यांनी शब्द नेमका उचलला. 'हक्कदार बहीण' म्हटलं असतं तर मांडवात टाळ्या पडल्या नसत्या.

आणि तरी सगळं जिथल्या तिथे आहे असं म्हणणं खोटं होईल. नोंदणी कार्यालयात मान हलवण्याआधी दस्त पूर्ण वाचून काढणाऱ्या बहिणी आता दिसतात. नाव बहिणीचं, वहिवाट भावाची, अशी मधली वाट काही घरांनी काढली आहे: उताऱ्यावर नाव राहू द्यायचं, कसायचं भावाने, वर्षाकाठी ज्वारीचं पोतं किंवा ठरलेला खंड बहिणीला द्यायचा. माहेर तुटत नाही, उलट सुगीला भावाला बहिणीकडे यावं लागतं. जुन्या कथेत यम यमुनेच्या घरी जेवायला गेला होता, यमुना त्याच्याकडे नव्हे. यमद्वितीयेची मूळ रीत तीच. काही ठिकाणी भाऊच वारसनोंदीचा अर्ज भरताना बहिणींची नावं आधी लिहितात आणि चावडीवर बोलणी खातात. अशांची संख्या कुणी मोजलेली नाही. मोजण्याजोगी ती अजून झाली नसावी.

अग्रलेखात 'आम्ही' म्हणायची रीत असते. इथून पुढे 'मी' म्हणणं भाग आहे. गावाकडे माझ्या नावावर दीड एकर आहे. आजोबा गेल्यावर वडील 'लिहून घेणार' झाले आणि माझ्या दोन आत्या 'लिहून देणार'. साल १९९८. मी तेव्हा कॉलेजात होतो, सज्ञान होतो, म्हणून दस्तावर साक्षीदार म्हणून माझीही सही आहे. थोरल्या आत्याने अंगठा दिला. धाकटी चौथीपर्यंत शिकलेली. तिने चष्मा मागितला, वळणदार, सावकाश अक्षरात नाव लिहिलं, सासरचं, आणि पेन मला परत दिलं. साक्षीदार कशाचा, हे मला त्या दिवशी कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. त्याच वर्षी समान हक्कांवर वक्तृत्व स्पर्धेत मला बक्षीस मिळालं होतं.

थोरली आत्या आता नाही. धाकटी परवा दिवाळीला आली. मी कपाटातून तो दस्त काढून तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "आत्या, यात तुझा जो वाटा होता त्याचं बक्षीसपत्र तुझ्या नावे करायचं म्हणतोय." तिने कागद हातात घेतला, लांब धरला, खालची आपली सही पाहिली. म्हणाली, "अक्षर बरं होतं की रे माझं." मग थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं आता नको म्हणेल, देवाने दिलंय तेवढं पुरे म्हणेल. तसं काही ती म्हणाली नाही.

"त्या दिवशी तुझ्या वडिलांनी साडी घेतली होती, जांभळी, इरकली. चांगली निघाली बघ, अजून आहे," ती म्हणाली, आणि कागदाची नीट घडी घालून विचारलं, "तालुक्याला कधी जायचं?"